चैत्रातला राब

आमच्या सुरगाण्याकडं झाड लावायचं म्हटलं की आधी पावसाचं जादा पाणी कुठून काढून द्यायचं ते बघतात. चांदवड तालुक्यातल्या या गावात मी आले, त्या पहिल्याच दिवशी सरांनी मला डोंगरावर नेऊन रोपं दाखवली. प्रत्येक रोपाभोवती बशीसारखं खोलगट आळं केलेलं होतं. मी मनात म्हटलं, अरे देवा, पावसाळ्यात ही सगळी कुजून मरणार. पण बोलले नाही. तेव्हा मी कुणालाच काही बोलत नव्हते. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते, आभाळ कोरडं होतं, आणि माझ्या पायाखालचा मुरूम भाजलेल्या नागलीसारखा करकर वाजत होता.

डोंगर उघडा होता. बाहेरच्या देशातल्या काही माणसांनी मदत पाठवली होती, ती नाशिकच्या एका संस्थेनं या गावापर्यंत आणली होती. सर त्याच संस्थेचे. गावातल्या बायकांनी त्याआधीच्या पावसाळ्यात खड्डे खोदून सीताफळ, कडुनिंब, बोर, चिंच, करंज अशी रोपं लावली होती आणि डोंगरावर जनावरं सोडायची बंद केली होती. पायथ्याला साऱ्या गावाची मिळून एक भाजीची बाग होती, बागेशेजारी रोपवाटिका, आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलं एक शेततळं. त्या तळ्यात पावसाचं जे पाणी साठेल, त्यावर बागेनं आणि डोंगरानं पुढच्या पावसापर्यंत जगायचं.

मला घेतलं होतं रोपवाटिका सांभाळायला. पिशव्या भरायच्या, बी टोकायचं, डोंगरावरच्या प्रत्येक रोपाला आठवड्यातून तांब्याभर पाणी मिळतंय का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पिशव्या भरणं मला येत होतं, गावाकडच्या रोपवाटिकेत मी दोन उन्हाळे तेच केलं होतं. वहीत लिहायची मात्र भीती वाटली. मी सहावीतून शाळा सोडलेली. सोडलेली म्हणण्यापेक्षा, सुटली. दिवाळी झाली की आमचं घर जीपमध्ये बसून दिंडोरीकडं द्राक्षबागेवर जायचं, ते होळीला परत यायचं. परत आले की गुरुजी म्हणायचे, ये गं, बस. चांगले होते. पण बसलं तरी फळा पुढं गेलेला असायचा. बाकीची पोरं भागाकार करायची आणि मी त्यांच्या पाट्यांकडं बघत राहायची. एका होळीनंतर मी गेलेच नाही. कुणी हाकललं नव्हतं.

आता माझी लेक पाच वर्षांची होती. तिला आईजवळ ठेवून मी इथं आले होते. नवरा टोळीबरोबर बागेवर होता, अमावस्येची सुट्टी मिळाली की तेवढा येऊन जायचा. जूनमध्ये लेकीला पहिलीत घालायचं होतं. आणि हे काम बारा महिन्यांचं होतं, म्हणजे राहणं एका जागी, म्हणजे दिवाळीनंतरही पोरगी त्याच शाळेत, त्याच बाकावर. खरं सांगते, माझ्या डोक्यात तेवढंच होतं. झाडं, डोंगर, बाहेरच्या देशातली माणसं, सगळं त्याच्या मागं. सर म्हणाले होते, "जूनपर्यंत बघू. काम जमलं आणि इथल्या बायकांना पटलं, तर कायम. ठरवणार त्या. मी नाही."

त्या, म्हणजे बायकांची समिती. आणि समितीच्या अध्यक्ष म्हणजे मावशी.

मावशींच्या अंगणातलीच एक खोली मला राहायला दिली होती. साठीच्या आसपासच्या, अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या. पहाटे उठल्या की आधी म्हशीशी बोलायच्या, मग माझ्या दारावर थाप. "उठली का गं डोंगराकडची? चहा गार होतोय." मला नावानं हाक कधी मारली नाही. पहिल्या आठवड्यात मी घाबरून एक कपसुद्धा पुरा प्यायले नाही. त्या म्हणाल्या, "विष नाय घातलं. साखर बी नाय घातली फार, पी."

बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. आमच्याकडं "आहा" म्हणतात, यांच्याकडं "हाय". मी "पाणी आहा" म्हटलं की कुणीतरी मागून म्हणायचं, "आहाहा!" हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मी खोलीत आल्यावर "हाय, हाय" असं तोंडातल्या तोंडात घोकायची.

थंडीत एकदा मदत पाठवणाऱ्यांपैकी दोघं जण येऊन गेले. त्यातली एक पांढऱ्या केसांची बाई सरळ वाफ्याच्या कडेला मातीत बसली आणि सरांमार्फत तिनं विचारलं, तुम्हाला अजून काय हवं आहे? मावशी म्हणाल्या, "पाणी आणि सून. सून नसली तरी चालंल." सरांनी ते कसं सांगितलं कोण जाणे, पण ती बाई इतकी हसली की डोळे पुसायला लागली. जाताना तिनं माझा हात हातात घेतला. माझ्या नखांत शेणखताची माती होती. मी हात मागं घ्यायला बघत होते आणि ती सोडत नव्हती. ती माणसं पावसाच्या आधी पुन्हा येऊन झाडं बघणार होती.

त्या हिवाळ्यात डोंगरावर गवत मोप वाढलं होतं. जनावरं बंद केल्याचं ते पहिलंच फळ. बायकांनी ते विळ्यानं कापलं, घरोघरी भारे नेले. आणि प्रत्येक घरानं एक एक भारा मागं ठेवला. बागेच्या कोपऱ्यात, वाफ्यांच्या शेजारी, त्याचा गंज रचला होता. त्यात तुरीच्या काड्या, वाळला पाला, शेतातला काडीकचरा, जे मिळेल ते येऊन पडत होतं. बाजूलाच शेणखताचा ढीग. मी रोज त्या गंजाजवळून जायची. कधीही मला वाटलं नाही की विचारावं, हे कशासाठी आहे. कारण मला माहीत होतं.

आमच्याकडं उन्हाळा लागला की प्रत्येक घराच्या वाफ्याशेजारी असाच ढीग दिसतो. पाला, गवत, काटक्या, गोवऱ्यांचा चुरा. तो वाफ्यावर थरांनी पसरायचा, वर बारीक माती टाकायची आणि पहाटेचा वारा पडलेला असताना पेटवायचा. याला राब भाजणं म्हणतात. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख मुरते, आणि पावसाला नागली-भाताचं बी टाकलं की रोपं अशी उठतात की बघत राहावं. राब नीट भाजणारी बाई आमच्याकडं हुशार समजतात. माझी आई तशी होती. आग कुठून लावायची आणि कुठं थांबवायची, तिला वाऱ्याकडं न बघता कळायचं.

चैत्र लागला. सर म्हणाले, "पावसाआधी भाजीच्या रोपांसाठी वाफे तयार ठेव." एवढंच म्हणाले आणि मोटरसायकलवर बसून दुसऱ्या गावाला गेले. मला इतका आनंद झाला. इतके महिने मी दुसऱ्याच्या रीतीनं काम करत होते, प्रत्येक गोष्ट चुकेल म्हणून धास्तावलेली, आणि आता एक काम असं आलं होतं जे मला झोपेतही जमलं असतं. मी म्हटलं, यांना दाखवते. संध्याकाळभर मी एकटीनं वाफ्यांवर तो गंज पसरला. सगळा. वर शेणाचा थर, वर चाळलेली माती. कडेनं जमीन साफ करून घेतली, पाण्याचे दोन हंडे आणि निरगुडीच्या ओल्या फांद्या जवळ ठेवल्या. दिवस उगवायच्या बेताला काडी लावली.

आग सुंदर लागली. खरंच सुंदर. जाळ वर आलाच नाही, मातीखालून धुमसत वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं गेली. एक ठिणगी बाहेर पडली नाही. मी फांदी हातात धरून उभी होते आणि आईनं हे बघायला हवं होतं असं मनात आलं.

गावात धूर दिसला. मावशी डोक्यावर हंडा घेऊन धावत आल्या, पदर सुटलेला, मागून आणखी चार बाया. मी हसत पुढं गेले.

"आग नाही मावशी. राब भाजलाय. आता बघा भाजी कशी येते."

मावशींनी हंडा खाली ठेवला. वाफ्यांकडं बघितलं, मग कोपऱ्याकडं, जिथं गंज होता तिथं. तिथं आता झाडून काढल्यासारखी मोकळी जमीन होती.

"गवत कुठंय?"

मी वाफ्यांकडं बोट दाखवलं.

मागच्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला. "माझी म्हैस अर्धपोटी ठेवून भारा दिला होता गं मी! अर्धपोटी ठेवून!"

दुसरी म्हणाली, "डोंगर हिरवा करायला आणली का जाळायला आणली हिला?"

"अगं पण कुणी सांगितलं होतं तुला?" तिसरीनं विचारलं.

"सांगितलं नाही कुणी," मी म्हटलं. "आमच्याकडं..."

"तुमच्याकडं ढग खाली उतरतो चहा प्यायला!" ती म्हैसवाली बाई रडकुंडीला आली होती. "आमच्याकडं काय उतरतं?"

मग त्यांच्या बोलण्यातून मला समजलं. ते गवत डोंगरावरच्या रोपांसाठी होतं. वैशाखाचं ऊन सुरू झालं की प्रत्येक आळ्यात जाड थर अंथरायचा, म्हणजे दिलेलं तांब्याभर पाणी वाऱ्या-उन्हानं उडून जात नाही, आठवडाभर मुळाशी टिकतं. तळ्यातलं पाणी तेवढंच होतं, ते काही वाढणार नव्हतं. गवत होतं म्हणून ते पुरणार होतं. जनावरांच्या तोंडचं काढून बायकांनी ते झाडांसाठी राखलं होतं, आणि मी ते दिवस उगवायच्या आत, हसत हसत, भाजून टाकलं.

मावशींनी हंडा उचलला, त्यातलं पाणी जवळच्या सीताफळाला घातलं आणि गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर दुपारी आले. तेही ओरडले नाहीत. वाफ्यातली राख बोटानं उकरून बघितली आणि म्हणाले, "काम फार चांगलं केलंय. फक्त इथलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "समिती ठरवेल. ती बाहेरची माणसं येऊन गेली की बैठक घेऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली नाही. मी चुलीवर माझा चहा केला. भिंतीपलीकडं मावशी म्हशीशी बोलत होत्या, नेहमीपेक्षा हळू. संध्याकाळी आईचा फोन आला. ती म्हणाली, पोरगी रोज विचारते, शाळा कधी. मग पोरगीच बोलायला लागली, तिला पिशवी लाल पाहिजे होती. मी म्हटलं, लालच आणू. आईला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ये परत, आणि मी गेले असते. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

रोपांना पाणी देण्याचं काम चालूच होतं. चार दिवसांत आळी वरून तडकायला लागली. मी पूर्वी कधी झाडाच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं, तेव्हा बघायला लागले. करंजाची पानं दुपारी लोंबायची, सकाळी कशीबशी सावरायची. चिंचेची बारकी पानं हात लावला की गळायची. मी घरोघर जाऊन काही काडीकचरा मिळतो का विचारावं म्हणून दोनदा निघाले आणि दोनदा पहिल्या घराच्या कोपऱ्यावरून परत फिरले. कुठल्या तोंडानं मागणार होते?

एका सकाळी डोंगराच्या वरच्या अंगाला एका कडुनिंबाच्या आळ्यात वरून घरंगळत आलेला चपटा दगड पडलेला दिसला. रोपाला लागेल म्हणून मी तो उचलला. खाली माती काळी होती. ओली. पाणी दिल्याला सहा दिवस झाले होते. मी शेजारच्या आळ्यात बोट घातलं, पेरभर खोलवर नुसती धूळ. पुन्हा दगडाखाली घातलं. थंडगार. दगड होता तसा ठेवला आणि मी तिथंच उकिडवी बसून राहिले. डोंगरावर दुसरं काही नसलं तरी दगड होते. दगडच होते.

त्या दिवसापासून मी पाणी देऊन झालं की दगड वेचायला लागले. फार मोठे नकोत, हाताच्या पंजाएवढे, चपटे. घमेल्यात भरायचे, रोपाच्या खोडापासून चार बोटं जागा सोडून भोवती फरशीसारखे मांडायचे, फटीत बारके बसवायचे. खोडाला दगड टेकू द्यायचा नाही, तापला की भाजतो. हे चुकूनच कळलं, पहिल्या दिवशी एका बोरीचं खोड एका बाजूनं तपकिरी झालं तेव्हा. दिवसाला जितकी झाडं होतील तितकी. किती राहिलीत त्याकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं, कारण बघितलं की हातातलं घमेलं जड व्हायचं. एका दगडाखाली विंचू निघाला. तेव्हापासून आधी काठीनं उलटवून मग हात.

पाचव्या का सहाव्या दिवशी मावशी वर आल्या. मी पाठमोरी होते, सावली पडली तेव्हा कळलं.

"काय करती?"

"दगड लावते."

"त्यानं काय होतं?"

मी एक दगड उचलला आणि बाजूला झाले. मावशी गुडघे धरत खाली बसल्या आणि त्यांनी मातीत बोट घातलं. तसंच ठेवलं बराच वेळ. मग शेजारच्या, दगड न लावलेल्या आळ्यात घातलं. बोट झटकून पदराला पुसलं.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पडलेला दगड होता."

"कुणाला सांगितलं?"

"नाही."

"का?"

मी घमेल्यातले दगड चाळायला लागले. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तोंड हाय ना तुला? का ते बी भाजलं त्या दिवशी?"

आणि उतरून गेल्या. मला वाटलं, झालं, आता हेही चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेलं घेऊन निघाले तर वाटेवर बाया उभ्या. म्हैसवालीही होती. सगळ्यांच्या कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ. मी थबकले.

"दगड आमच्या गावाचे," म्हैसवाली म्हणाली, "तू एकटी कशी काय नेती गं सगळे?"

कुणीतरी हसलं. मावशी पुढं झाल्या होत्या, मागं न बघता म्हणाल्या, "बोलत बसू नका. ऊन वर यायच्या आत वरची ओळ संपवायची."

त्या दिवसांसारखे दिवस मी पुन्हा अनुभवले नाहीत. सकाळी दोन-अडीच तास, मग बायका आपापल्या कांद्याच्या कामाला. ओळीनं बसायच्या, घमेलं एकीकडून दुसरीकडं. दगड बसवण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. बांध घालण्यात जन्म गेलेला, कुठला दगड कुठं बसेल हे उचलतानाच कळायचं. म्हैसवाली माझ्या हातातला दगड काढून घ्यायची. "हा नाय, याला पोट हाय. चपटा दे." एकीच्या सुनेला बाळ होणार होतं, तिला कुणी दगड उचलू देत नव्हतं, तर ती सावलीला बसून सगळ्यांच्या सासवांच्या नकला करायची, स्वतःच्या सासूसमोर. सासू हसत म्हणायची, "कर, कर. बाळंतपण माझ्याच हातात हाय." विंचू निघाला की ओरडायचं ठरलं होतं "पाहुणा!" आणि मग काठीवाली धावायची.

माझं "आहा" ऐकून कुणी हसलं तर मीही हसायला लागले होते.

तरी रात्री अंथरुणावर पडले की पुन्हा तेच. बैठक. जून. मदत करतात म्हणजे माफ केलं असं नाही, असं मी स्वतःला सांगायची. त्या त्यांची झाडं वाचवत होत्या, ते त्यांचंच काम. माझं काय करायचं ते वेगळं. आशा धरायची मला भीतीच वाटते, अजूनही. धरली आणि सुटली तर हात जास्त दुखतो.

सगळी झाडं वाचली नाहीत. वैशाखात गरम वारा सुटला, तेव्हा वरच्या कडेची बरीच चिंच गेली, काही करंज गेले. सीताफळ आणि कडुनिंब मात्र टिकले, बोरी तर हट्टानं टिकल्या. बाहेरच्या देशातली ती पांढऱ्या केसांची बाई मे महिन्याच्या शेवटी पुन्हा आली. ओळीओळीनं हिंडली. दगडांकडं बघून तिनं सरांना काही विचारलं, सर मराठीत म्हणाले, "या विचारताहेत, ही कल्पना कुणाची?" मी मागं सरकले. मावशींनी माझ्या दंडाला धरून मला पुढं ओढलं आणि म्हणाल्या, "हिची. पण आधी गवत हिनंच जाळलं, ते बी सांगा. दोन्ही सांगा." सरांनी दोन्ही सांगितलं. ती बाई या वेळी हसली नाही. वाकून तिनं एक दगड उचलला, खाली बघितलं, आणि होता तसाच, त्याच बाजूनं, परत ठेवला. ते मला फार आवडलं.

बैठक त्याच संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर झाली. मी मागं, खांबाशी बसले होते. वाफ्यात नुकतंच टाकलेलं वांग्या-मिरचीचं बी उगवून आलं होतं आणि तण जवळजवळ नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं, पण ते बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. सरांनी विचारलं, "मग रोपवाटिकेचं काय करायचं? हिला ठेवायचं का कुणी दुसरं बघायचं?"

मी जमिनीकडं बघत होते. फरशीवर मुंग्यांची एक रांग चालली होती, ती अजून आठवते.

म्हैसवाली म्हणाली, "माझा भारा?"

"पावसाळ्यानंतर गवत येईल तेव्हा मी माझ्या हातानं कापून दोन देईन," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

"तीन," ती म्हणाली.

"तीन."

"मग राहू दे तिला. तीन भारे देऊन जाऊ दे, मग बघू." सगळ्या हसल्या.

मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "राहा. पण एक ऐक. तुला लय गोष्टी येतात, आम्हाला बी येतात. काडी लावायच्या आधी विचारत जा. विचारलं म्हणून कुणी कुणाला खात नाय इथं."

मी मान हलवली. घरी परत जाताना त्या पुढं आणि मी मागं. अंगणात आल्यावर त्यांनी म्हशीला पाणी दाखवलं आणि तिकडंच तोंड करून विचारलं, "पोरीला कधी आणती?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा तिला घेऊन आला. पोरगी झोपाळलेली, लाल पिशवी गळ्यात घट्ट धरलेली. शाळेत नाव घालायला मी एकटी जायला घाबरत होते, ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण सकाळी मावशी नवं लुगडं नेसून दारात उभ्या. शाळेतल्या बाई फॉर्म भरून घेत होत्या. पोरीचं नाव, बापाचं नाव, आईचं शिक्षण. मी म्हटलं, "सहावी. पूर्ण नाही." बाईंनी काही न म्हणता लिहिलं.

"कायमचा पत्ता?"

मी सुरगाण्याचा पत्ता सांगायला लागले. वाडी, पोस्ट...

"तिथला कशाला सांगती?" मावशी मधेच म्हणाल्या. "बाई, माझा लिहा. माझ्या घराचा."

बाईंनी पेन थांबवलं. "तुम्ही यांच्या कोण?"

मावशींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मी डोंगराच्या समितीची अध्यक्ष. आणि ही डोंगर बघती. तिला दुसरीकडं कुठं जायचं नाय. लिहा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं. खाली माझी सही घेतली, सही करायची सवय नव्हती म्हणून शेवटचं अक्षर रेघेखाली उतरलं, ते बाईंनी चालवून घेतलं.

लेक वर्गात जाऊन दुसऱ्या एका मुलीशेजारी बसली. एकदा मागं वळून बघितलं आणि मग पिशवी उघडायला लागली. मावशी म्हणाल्या, "चल, वरच्या ओळीला पाणी द्यायचंय." मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं." आणि आणखी थोडा वेळ तिथंच दाराशी उभी राहिले.